निळ्या झाकणाचा डबा

मामा उंदराची मान एका झटक्यात मोडायचा. डाव्या हाताने उंदीर टेबलावर दाबायचा, कानामागे लोखंडी सळई आडवी ठेवायची आणि उजव्या हाताने शेपूट ओढायची. टक्क असा बारीकसा आवाज यायचा. मग उंदीर माझ्या ट्रेमध्ये. पोट फाडून यकृत, मूत्रपिंडं, हृदय काढायची आणि वजन करायचं, हे माझं काम. सकाळभरात पन्नास-साठ माना मोडून हा माणूस हात धुवायचा आणि खुशाल जेवायला बसायचा. तो आमच्याकडचा मदतनीस, सगळ्यांचाच मामा, पण अख्खी प्रयोगशाळा त्याला मानमोड्या म्हणायची. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट नवीन कोणी आलं की स्वतःच तशी ओळख करून द्यायचा.

आमच्याकडे खाण्याच्या वस्तूंची तपासणी व्हायची. कुठल्या तेलाने यकृत बिघडतं, कुठल्या पिठाने साखर चढते. माणसाच्या तोंडी लागण्याआधी सगळं उंदराच्या तोंडात. आणि ते तोंड उघडायचा मामा. अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या सांध्यावर दाबलं की कितीही हट्टी उंदीर आ करतो, मग नळी थेट पोटात. पंचवीस वर्षांत त्याच्या अंगठ्यावर इतके चावे बसले होते की हजेरीचं यंत्र तो अंगठा ओळखायचंच नाही.

मामीला साखरेचा आजार होता. आणि मामा मामीवर हात उचलायचा. मी कशाला झाकू, तो स्वतःच येऊन सांगायचा. एकदा तिच्या उशीखाली बिस्किटांचा पुडा सापडला तेव्हा अशी कानाखाली वाजवली की पंधरा दिवस तिला एका कानाने ऐकू येईना. मी त्याला वाट्टेल ते बोलले. लाज नाही वाटत, म्हटलं, आजारी बायकोला मारताना? तो सळई पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, तिच्या आईचा पाय साखरेनेच गेला. मांडीपासून कापला आणि फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. फार जड असतो पाय."

त्या वर्षी एका रानटी झाडाच्या बियांची पूड तपासायला आली. साखर उतरवते असा बोलबाला होता. तीन डबे होते, पांढऱ्या, पिवळ्या आणि निळ्या झाकणाचे, आणि प्रत्येक डब्याचे पंधरा उंदीर. कुठल्या डब्यात काय, हे आम्हाला कळता कामा नये, नाहीतर माणूस मनासारखं बघायला लागतो. ते लिहिलेला बंद लिफाफा मोठ्या मॅडमच्या कपाटात होता. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या मुख्य संशोधक, त्यांनाही आतलं ठाऊक नव्हतं.

दर सोमवारी मी उंदरांच्या शेपटीला सुई टोचून साखर बघायची आणि आकडे वाचायची, मामा लिहायचा. पाचव्या सोमवारी निळ्यांची साखर धाडकन उतरलेली. वजनंही घटलेली. मी हसत म्हटलं, "मामा, निळ्याने बाजी मारली बघा." माझ्याच जिभेने म्हटलं हे. त्यानंतर निळा डबा वजनात कमी भरू लागला, तर सांडलं असेल म्हणून मी तिकडे काणाडोळा केला.

पूड मामाच्या घरी जात होती. मामीने मला हे पुढे सांगितलं. पूड कडूजहर, पहिल्याच दिवशी तिने भडाभडा ओकून काढली. दुसऱ्या दिवशी मामा तिच्या दोन्ही हातांवर गुडघे देऊन बसला. जबड्याच्या सांध्यावर अंगठा दाबला, तोंड उघडलं, चमचा घातला, वरून पाणी ओतलं आणि ती गिळेपर्यंत नाक दाबून धरलं. ती चावली, तर थोबाडीत मारली. रोज दोन चमचे, अकरा आठवडे. जबड्याखाली दोन्ही बाजूंना काळेनिळे डाग पडले होते, ते ती पदराने झाकायची. आणि साखर खरंच उतरली. मामा तिच्या रक्ततपासणीचा कागद खिशात घेऊन हिंडायचा आणि दिसेल त्याला दाखवायचा. इतका खूश मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

मग तिचे पाय सुजले. पुढे तोंडही सुजलं. मामाने मला विचारलं, मी आपली शहाणपणाने म्हणाले, मीठ बंद करा. त्याने घरी जाऊन मिठाची बरणी अंगणात आपटली, आणि चोरून मीठ खातेस म्हणून तिला पुन्हा बडवलं.

माना मोडायचा दिवस उजाडला. पांढरे झाले, पिवळे झाले, काही विशेष नव्हतं. निळे पिंजऱ्यात कोपरा धरून बसलेले, हाडं न् कातडी. तरी पहिल्यानेच मामाच्या बोटात दात रुतवले. टक्क. मी पोट फाडलं आणि थबकले. मूत्रपिंडं पांढरीफटक, खरबरीत, बोटाने दाबली तर भुगा होईल अशी. दुसरा फाडला, तेच. तिसरा, चौथा. मी मोठ्या मॅडमना हाक मारली.

मामाच्या हाताखाली पाचवा दाबलेला होता. त्याने विचारलं, काय झालं? मूत्रपिंडं गेलीत, मी म्हटलं. त्याने काय होतं? मी पुढचा उंदीर ओढता ओढता सहज बोलून गेले, "अंग सुजतं."

त्याचा हात सैल पडला. उंदीर टेबलावरून उडी मारून पळाला. मोठ्या मॅडम दारातून आत येत होत्या, मामाने त्यांना गळ्याला धरून भिंतीवर आदळलं. अंगठा बरोबर जबड्याच्या सांध्यावर. "डब्यात काय होतं? बोल. माझ्या बायकोला काय चारलं मी?" मॅडमचे पाय जमिनीपासून सुटले होते. ते हात काय करू शकतात हे माझ्याइतकं कोणाला माहीत? मी सळई उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. रक्ताची धार लागली, पण पकड सुटेना. पुन्हा घातली. तिसरा फटका उजव्या मनगटावर मारला. तसाच आवाज आला, टक्क. मग त्याने सोडलं.

मॅडमनी खोकत खोकत लिफाफा फोडला. पांढऱ्यात नुसतं पीठ. पिवळ्यात माणसाला झेपेल एवढी पूड. निळ्यात त्याच्या दहापट, अपाय कुठून सुरू होतो ते बघायला. साखर उतरली ती जनावरांचं खाणं तुटलं म्हणून. असा एक गट आम्ही नेहमीच ठेवतो. पंचवीस वर्षं त्यांना पाजणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं. माहीत असून मी बाजी मारली म्हणाले.

मॅडमना आवाज फुटत नव्हता. तरी त्यांनी मामाला विचारलं, किती चमचे, किती दिवस? तो फरशीवर बसून रडत रडत सांगत होता, त्या लिहीत होत्या. तो कागद त्यांनी रुग्णालयात नेण्यासाठी माझ्या हातात दिला, आणि एक प्रत प्रयोगाच्या नोंदींसाठी स्वतःकडे ठेवली. त्या प्रतीचा मला आजही राग येतो. पण पोलिसांत त्या गेल्या नाहीत, हेही खरं.

मामी वाचली. मूत्रपिंडं गेली ती गेलीच, आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त धुऊन घ्यावं लागतं. मामाची नोकरी सुटली. मनगट वाकडं जुळलं.

रुग्णालयात पहिल्यांदा अळणी जेवणाचं ताट आलं तेव्हा मी तिथेच होते. मामाने डाव्या हाताने चमचा भरून तिच्या तोंडाशी नेला. तो हात दिसताच मामी सरकत सरकत खाटेच्या कठड्याला जाऊन टेकली. ओठ घट्ट मिटलेले. मामा चमचा धरून तसाच उभा. जन्मभर अहो-जाहो करणारी ती बाई शेवटी म्हणाली, "आधी तू खा."

त्याने खाल्लं. तो गिळेपर्यंत ती त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तोंड उघड, दाखव.

याला दोन वर्षं झाली. मी दर रविवारी त्यांच्या घरी जाते. अजूनही ताट आलं की मामा पहिला घास खातो, आ करून रिकामं तोंड तिला दाखवतो, आणि मगच मामी चमचा हातात घेते.