कोयरीतला पिवळा

हे मी आजवर कुणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही. मन हलकं करायला बोलते आहे असं समजू नका — माझं मन जड वगैरे काही नाही, झोप चांगली लागते. तरी सांगते. ऐका.

नव्वदच्या दशकात मी रबाळ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. कापड रंगवायचे रंग बनायचे तिथे. त्यातला एक पिवळा — उन्हात न उडणारा, धुण्यात न जाणारा — 'तयार झाला' असं सगळे म्हणायचे. जणू आपोआप झाला. तो मी केला होता. कितीतरी महिने माझी नखं पिवळी होती. शेठने त्यावर पुतण्याचं नाव लावलं. पुतण्याला केबिन मिळाली, आणि मला सांगण्यात आलं, मॅडम, पाहुणे आलेत, जरा चहाचं बघा.

बघितलं. चहाचंही बघितलं आणि तळोज्याच्या दुसऱ्या कंपनीचंही बघितलं. ते मला अख्खी लॅब द्यायला तयार होते. कृती माझ्या डोक्यात होती, पण नुसत्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मूठभर नमुना हवा होता. याला चोरी म्हणायचं? तुम्ही म्हणा. मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. कबूल करायचं आहे ते वेगळंच — थांबा, येते तिथे.

नमुना बाहेर काढायचा म्हणजे जाधवच्या हाताखालून. जाधव शेठचा बॉडीगार्ड. साताऱ्याकडचा, फौजेतून आलेला, कमरेला पिस्तूल. शेठला खंडणीचे फोन यायला लागले तेव्हा ठेवलेला. फोन थांबले, जाधव राहिला. मग शेठने त्याला कारखाना सुटताना फाटकावर झडतीला उभं केलं. तो प्रत्येकाची पिशवी उघडायचा, डब्यांची झाकणंसुद्धा. पुतण्याचीही बॅग उघडायचा, ते मला फार आवडायचं. माझं माहेर त्याच्या गावाजवळचं, म्हणून मला ताई म्हणायचा. एका भाऊबीजेला मी त्याला ओवाळलंही होतं.

संक्रांतीनंतर कारखान्यातल्या आम्ही बायका कॅन्टीनमध्ये हळदीकुंकू करायचो. त्या वर्षी कोयरी माझी होती — चांदीची, दोन वाट्यांची, एकीत कुंकू, एकीत हळद. कार्यक्रम आटोपल्यावर मी हळद काढून टाकली आणि त्या वाटीत माझा पिवळा भरला. बघणाऱ्याला हळदच.

फाटकावर जाधवने पिशवी उघडली, डबा उघडला, तिळाच्या लाडवांची पुडी चाचपली. कोयरी दिसली तसा हात मागे घेतला.

"ताई, ह्याला मी हात लावत नाय. बायांचं कुंकू हाय."

हे मी धरूनच चालले होते. त्याची बायको शेजारी उभी असेल हे मात्र धरलं नव्हतं. घणसोली गावात त्यांची भाड्याची खोली होती; ती त्याचा डबा घेऊन आली होती.

"बरी आलीस बघ," जाधव तिला म्हणाला. मग मला, "ताई, हिला लावा की हळदीकुंकू. हितं कोण वळखीचं नाय, घरात बसूनच संक्रांत चाललीय हिची."

"आवं, ताईंना घाई आसंल," असं म्हणत तिने पदर डोक्यावर घेतला आणि पुढे झालीसुद्धा.

सवाष्ण समोर कपाळ करून उभी. नाही म्हणायचं? काय कारण सांगून? मी कोयरी उघडली. तिच्या कपाळाला तो रंग लावला, वर कुंकू लावलं. ती वाकून पाया पडली.

दोन-तीन दिवसांत शेठला एका दलालाचा फोन आला, तुमचा पिवळा तळोज्यात पोचलाय. शेठने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. जाधव नेहमीसारखा त्याच्या खुर्चीमागे उभा. माझी पाळी आली. शेठने विचारलं, मॅडम, आपल्यातलं कुणी तळोज्याला जातं का?

'माहीत नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्यावर संशय नव्हताच — चहाचं बघणाऱ्या बाईवर कोण घेणार? पण मी म्हणाले, "जाधव गेला होता."

खरंच गेला होता. मेहुण्याला नोकरी मिळते का विचारायला, त्याच कंपनीत. मला बहीण समजून त्यानेच सांगितलं होतं. गेला होता एवढं मी सांगितलं. कशाला, ते नाही. एकही शब्द खोटा नाही — किती सोयीचं, नाही?

शेठने मान वळवून विचारलं. जाधव "हो" म्हणाला. मेहुण्याचं सांगायला लागला तेव्हा शेठ हसला, आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाला.

बाहेर व्हरांड्यात जाधव माझ्यापाशी थांबला. आवाज चढवला नाही. "ताई, आमच्या हिचं कपाळ अजून पिवळं हाय. राखेनं घासलं, साबणानं घासलं. जात नाय."

एवढंच बोलला. म्हणजे कळलं होतं त्याला. मग परत आत का गेला नाही? पुरावा त्याच्या घरातच होता. बायकोला शेठपुढे कपाळ दाखवायला उभी करावी लागली असती, म्हणून? मला माहीत नाही. तेव्हा मी विचारही केला नाही. तो फाटकाकडे चालला होता, आणि मला — खरं सांगते — सुटल्यासारखं वाटलं.

शेठचा माल बाहेर विकणारा म्हणून नाव झालं की बॉडीगार्डला दुसरा शेठ मिळत नाही. मला लॅब मिळाली. आता माझं स्वतःचं युनिट आहे. मध्ये एकदा न्हावा शेव्याला माल सोडवायला गेले होते. कंटेनर यार्डात जाधव दिसला, ट्रकच्या चाकांना लाकडी ठोकळे लावताना. मी गाडीची काच वर केली.

वय लहान होतं, बाईमाणूस होते, दिवस तसे होते — असलं काही मी सांगणार नाही. पिवळा माझा होता. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन. जाधवने काहीही विकलं नव्हतं, आणि त्याला मी अडकवलं. दोन्ही खरं आहे.

त्या कारखान्यातली माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात. परवा वाशीला जेवणाच्या टेबलावर जुना स्टोअरकीपर सगळ्यांना किस्सा सांगत होता. "शेठचा बॉडीगार्डच फितूर निघाला! आठवतंय ना मॅडम?"

सगळे हसले. "आठवतंय की," मी म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून आणखी जिलबी घेतली.