शनिवारची गोळी

गुणवंता डोळे भरायला बसला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, असा आमच्या सौंसरच्या मळ्यांत नियमच होता. संत्र्याचं कलम करायचं तर जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या रोपाच्या सालीला बारीक चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, काढून त्या चिरेत सरकवायचा आणि वरून पट्टी आवळायची. चीर जरा वेडीवाकडी गेली की डोळा वाळलाच. गुणवंता दिवसाला पाचशे डोळे भरायचा, आणि शंभरातले पाचसुद्धा वाळायचे नाहीत. पांढुर्ण्याचे बागायतदार दिवाळीपासून त्याच्या दाराशी खेटे घालायचे. गडी तुसडा, पण हात सोन्याचा.

हाच गुणवंता ब्याऐंशी साली खाटेवर पडला तो दीड वर्ष उठला नाही. ताप नाही, मार लागलेला नाही. नुसतं भिंतीकडे तोंड. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर, म्हणजे शहाणपण शिकवायला मोकळा. रोज जाऊन सांगायचो, "मनावर घेऊ नको." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. शेवटी त्याची बायको वच्छला त्याला बसनं नागपूरला घेऊन गेली. तिथल्या मनाच्या डॉक्टरांनी रात्रीच्या दोन गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांत माणूस मळ्यात उभा राहिला.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्यानंतर डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या उतरवायच्या. महिन्याला अर्धी कमी. एकदम सोडायच्या नाहीत, थोडा त्रास होईल, घाबरायचं नाही. गुणवंताला इतका आनंद झाला की घरी यायच्या आधी तो वाटेत जामसांवलीच्या देवळाशी उतरला आणि मारुतीला नवस बोलून आला. गोळ्या सुटेपर्यंत शनिवार धरायचा, तोही कडक. दिवसभर पाणी आणि एखादं केळं, रात्रीही जेवण नाही, रविवारी सकाळी सोडायचा.

पहिल्याच रविवारी दुपारी त्याला दरदरून घाम फुटला. पोटात मळमळ, जिवाची तगमग, एका जागी बसवेना. कुणी भांडं आपटलं तरी दचकायचा. सोमवारी कमी, मंगळवारी ठीक. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, उलट जास्त. तिसऱ्या रविवारी तो हट्टानं मळ्यात बसला आणि चाळीस डोळे भरले. मी बांधावरून पाहत होतो. चिरा वाकड्या जात होत्या.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला. "गुरुजी, आजार वापस येऊन राहिला का जी?"

"नाही रे," मी म्हणालो. पण मलाही तेच वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर त्याला दिसलं असावं.

"मले खाटीवर नाई जायचं," तो म्हणाला. "हात गेला तं म्या कोन आहो मंग?"

गावाला तर कारण सापडलंच होतं. मारुतीचा वार झाला की ह्याला सुरू होतं, म्हणजे अंगात काहीतरी आहे आणि ते मारुतीला भिऊन उसळतं. मी शिकलेला माणूस, मी हसायला हवं होतं. मी हसलो नाही. पांढुर्ण्याला त्याचा थोरला भाऊ मनोहर होता, त्याला मी पोस्टकार्ड टाकलं, की येऊन काय ते पाहावं. मनोहरचं उलट टपाली उत्तर आलं. सोमवारी येतो, त्याला बरा होईपर्यंत जामसांवलीच्या देवळापाशीच ठेवतो, आणि त्या गोळ्या फेका, त्यांनीच वाटोळं केलं. जामसांवलीला मीही जातो, माझं मारुतीशी काही वाकडं नाही. पण गोळ्या फेकून हा माणूस ऐन हंगामात तिथं बसला, तर मळ्यात परत येईल का? पत्र तर मीच लिहिलं होतं.

चौथ्या रविवारी दुपारी वच्छला त्याचे कपडे बांधत होती. गुणवंता कोपऱ्यात गुडघे आवळून बसला होता. तिनं गोळ्यांचा डबा मला दाखवला.

"गुरुजी, महिना सरला, पण सहा गोळ्या उरल्या. डॉक्टरनं जास्तच देल्या वाटते."

दीड गोळी रोजची. सहा उरल्या. म्हणजे चार दिवसांच्या. मी मास्तर असूनही भागाकाराला वेळ लागला. चार शनिवार.

"गुणवंता, शनिवारी गोळी घेत नाहीस?"

"डॉक्टरनं सांगतलं, जेवल्यावर घेजो. शनिवारी म्या जेवतोच कुठी?"

आधीच औषध उतरवलेलं, त्यात दर आठवड्याला एक रात्र पूर्ण कोरडी. अंगानं दुसऱ्या दिवशी बोंब मारली नसती तरच नवल. मला हसू आलं आणि रडूही.

मनोहर सोमवारी आला, चिडला, मलाच फैलावर घेतलं. मी ऐकून घेतलं आणि एकच आठवडा मागितला. तो कसाबसा थांबायला तयार झाला. खरी अडचण गुणवंताची होती. उपासात गोळी घेतली तर नवस मोडतो. त्यावर वच्छलाच म्हणाली, "मारुतीनं सोता औषधापायी पहाड उचलून आणला न? मंग त्याले गोळी कायले जड जाईन?"

शनिवारी केळ्याबरोबर गोळी गेली. रविवारी दुपारी मी, वच्छला आणि मनोहर बांधावर उभे होतो. मला वाटत होतं, माझा हिशेब चुकला तर ह्याला मनोहरच्या हवाली मीच करणार. गुणवंतानं चाकू उचलला. कपाळाला घाम होता. पण चीर सरळ गेली. पन्नास झाल्यावर मनोहर बसस्टँडकडे निघाला.

डॉक्टरांनी नंतर वेग आणखी कमी केला. त्रास झालाच, अधूनमधून वाईट स्वप्नं, कारण नसताना रडू. शेवटची अर्धी गोळी पुढच्या उन्हाळ्यात सुटली. पण तिसऱ्या रविवारच्या त्या चाळीस डोळ्यांपैकी एकोणचाळीस वाळले. एक तगला. ते रोप त्यानं विकलं नाही, आणून माझ्या अंगणात लावलं.

"तुझ्याच दारात लाव की," मी म्हणालो.

"नाई जी," तो म्हणाला. "मले रोज पाह्याचं भेव वाटते. तुमी पाहा."

झाड जरा वाकडं आहे. गुणवंता अजून दर रविवारी दुपारी येतो, झाडाकडे पाठ करून ओट्यावर बसतो आणि विचारतो, "आहे न?" मी म्हणतो, "आहे." मग तो चहा पितो.