तोंड मिटून घेतलेला श्वास

बाबांच्या फुप्फुसांचं जे नुकसान झालंय ते आता भरून येणार नाही... परवा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून स्पष्टच सांगितलं. उरलंय ते जपायचं, एवढंच हातात आहे.

बाबा म्हणजे आमच्या बेंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या सोसायटीतले प्राणायामाचे सर. पुण्याहून माझ्याकडे राहायला आले आणि क्लबहाउसमध्ये सकाळचा वर्ग सुरू केला. फी नाही, पण शिस्त कडक. "तोंड जेवायला, नाक श्वासाला!"

त्या वर्गामुळे कुणाची झोप सुधारली, कुणाची धडधड कमी झाली. बाबांना मात्र गेल्या वर्षापासून जिना चढताना दम लागायचा. साधना कमी पडतेय असं ठरवून त्यांनी कपालभाती वाढवली... आणि डॉक्टरकडे जायचं टाळलं.

हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टने नवीन श्वास शिकवला. नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, हळूहळू सोडायचा. जोर लावायचा नाही, कपालभाती आणि भस्त्रिका बंद. बाबांनी तिच्यासमोर ओठ उघडलेच नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तोंडाने धापा टाकायला मी काय कुत्रा आहे?"

काल सकाळी माझं न ऐकता ते वर्गावर गेले. मीही मागोमाग गेले. भस्त्रिका दाखवायला लागले आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास अडकला... खांदे वर, कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले.

पुढच्या रांगेतल्या सरोजाअक्का उठल्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, बाबांना त्या अण्णा म्हणतात. मी घाईघाईने त्यांना ती फुंकर सांगितली.

"अण्णा, स्वल्प तोंड उघडा."

बाबांनी मान हलवली. "वर्गात... नाही."

अक्का वळल्या. "सगळे भिंतीकडे तोंड करून बसा. कुणी मागे बघायचं नाही!"

सगळी माणसं मुकाट्याने वळली. मीसुद्धा. काही क्षण नुसती घरघर ऐकू आली... आणि मग एक बारीक, थरथरती फुंकर. पाठोपाठ दुसरी. खूप वेळाने त्यांचा श्वास लयीत आला, तोवर एकाही माणसाने मान वळवली नाही.

त्या सगळ्यांचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. एखाद्याकडे न बघणं ही इतकी मोठी माया असू शकते, हे मला माहीत नव्हतं.

सोमवारी घरी ऑक्सिजनचं मशीन येईल. पुढे ते दिवसभर लागेल, असं डॉक्टर म्हणतात. उद्यापासून वर्ग अक्का घेतील... बाबा शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या मागे बसणार आहेत.