दादाची स्लीपर आणि रत्नदीपचा टेस्टर

माझा थोरला भाऊ प्रबुद्ध निरगुडसरच्या डेअरीत कामाला. माणूस सरळ, पण बायकोच्या बाबतीत भारी जळका. यशोधरावहिनी दिसायला देखणी, आणि दादाच्या आधी तिला पाहून गेलेला मुलगा नेमका आमच्याच गावचा वायरमन रत्नदीप. ती सोयरीक का जमली नाही कुणास ठाऊक. पण गावात कुणाचाही फ्यूज उडाला की दादाच्या कपाळाला आठी पडायची.

सत्त्याण्णव साली दादाने फ्रीज घेतला, आमच्या गल्लीतला पहिला. मी त्याच गल्लीत दिलेली. माझ्याही पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

फ्रीज लावायला रत्नदीपच आला. घराचं वायरिंग वडिलांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. बोर्ड उघडून तो म्हणाला, "भाऊ, प्लगच्या तिसऱ्या भोकामागं वायरच न्हाई. अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागंल. दोन दिवस येतो."

"काय गरज न्हाई," दादा म्हणाला.

जाताना रत्नदीपने वहिनीच्या हातात टेस्टर ठेवला. "हाताला मुंग्या आल्या तर फ्रीजला लावून बघा. लाइट लागली तर हाक मारा." तो वळला तसा दादाने टेस्टर काढून घेतला आणि माळ्यावर भिरकावला.

पावसाळ्यात फरशीला ओल आली आणि फ्रीज धरला की वहिनीच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. पुढे झटके बसू लागले. दादा यायचा, खुशाल दार धरून उभा राहायचा. "कुठंय करंट? मला कसा लागत न्हाई? त्याला बोलवायचं निमित्त पायजे तुला!"

वहिनी माझ्याकडे येऊन रडली. "वन्सं, मी मेल्यावर तरी यांना खरं वाटंल का?"

दादाच्या टाचांना भेगा, म्हणून तो घरभर रबरी स्लीपर घालून फिरायचा, अगदी स्वयंपाकघरातही. वहिनीला ती मुभा नव्हती. आमच्या आईने सुनेला चुलीपाशी पायात काही घालायची बंदी केली होती. आई गेली, बंदी राहिली.

एका सकाळी दादा आंघोळीला गेला. मी दूध ठेवायला आले होते. वहिनीला काय सुचलं कोण जाणे, तिने त्याची स्लीपर पायात घातली आणि फ्रीजला बोट लावलं. काही नाही. स्लीपर काढून पुन्हा लावलं, तर हात झटकन मागे.

दादा बाहेर आला. "माझी स्लीपर कुठंय?"

"माझ्या पायात. आता तुमी दार धरा." मग लगेच म्हणाली, "पाय पुसा आधी. आन् नुसतं बोट लावा, पालथं, म्हंजे हात चिकटायचा न्हाई."

पाय पुसले, पण बोट कसलं लावतोय! रागाने दाराचा दांडा मुठीत धरला. ओरडला, आणि मागच्या पिठाच्या डब्यावर जाऊन आदळला. मला वाटलं, आता फ्रीजला शिव्या देईल. तो वहिनीच्या पायांकडे बघत राहिला.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज," वहिनी म्हणाली.

तो तसाच अनवाणी सायकलवर बसला आणि रत्नदीपला घेऊन आला. रत्नदीपने फ्रीजमधली उघडी पडलेली वायर बदलली. अंगणात खड्डा घेतला, तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं, बोर्डापर्यंत वायर ओढली. "उन्हाळ्यात खड्डा वाळू द्यायचा न्हाई," तो म्हणाला. "मी अधनंमधनं येऊन बघत जाईन."

"नको. पाणी मी घालीन," दादा म्हणाला. जळका तो जळकाच.

त्याला बरीच वर्षं झाली. आता फ्रीज माझ्याकडेही आहे. पण दादा करतो ते पाहून पोटात अजून दुखतं. रोज सकाळी तो खड्ड्याला बादलीभर पाणी घालतो, पाय पुसतो, स्लीपर दाराबाहेर काढतो आणि वहिनी उठायच्या आत फ्रीजला पालथं बोट लावून बघतो.

"अरे, माळ्यावर टेस्टर हाय की," मी परवा म्हटलं.

"तो त्याचा हाय," दादा म्हणाला, आणि त्याने बोट लावलं.