सुमनचं हेल्मेट

सकाळी सव्वानऊला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. "काका, मावशी अजून आल्या नाहीत हो. पाणी काढून ठेवलंय, गार होतंय." बदलापूर गावातली बाळंतीण बोलत होती. सुमन, माझी बायको, तिच्या बाळाला मालिश करून न्हाऊ घालायला रोज नऊच्या आत तिथे पोचायची. मी म्हटलं, निघून अर्धा तास झाला, येईलच, तोवर पाण्यात एक तांब्या कढत घाला. मी हे बोलत होतो तेव्हा सुमन रस्त्यात पडलेली होती. खरवईतल्या आमच्या घरून निघालं की पुढे रस्ता खोदलेला होता, खडी पसरलेली होती, तिथे तिची स्कूटर घसरली. तिला कोणी ठोकलं नाही, ट्रक नाही, रिक्षा नाही. सावकाश चालली होती. पडली, आणि डोकं गटाराच्या काँक्रीटच्या कडेवर आपटलं. पाच मिनिटांनी तिच्याच फोनवरून दुसरी कोणी बाई बोलली तेव्हा मला कळलं. दुपारी दोनच्या आत सगळं संपलं होतं... त्याला आता सात आठवडे झाले.

सुमन छप्पन्न वर्षांची होती. आमचा सगळा संसार विठ्ठलवाडीच्या चाळीत झाला. मी अंबरनाथच्या केमिकल कंपनीत, ती उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये आया. मी रिटायर झालो तशी खरवईला वन रूम किचन घेतलं आणि तिने आयाचं काम सोडून बाळ-बाळंतिणींची मालिश सुरू केली. इकडे नव्या नव्या बिल्डिंगा, त्यात नवी नवी लग्नं, कोणाची सासू गावाला तर कोणाची आई लांब. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणारं माणूस कोणाकडेच नाही. सुमनला दिवसाला पाच घरं होती आणि सहावीला नाही म्हणताना तिला वाईट वाटायचं. पण चालून चालून गुडघे गेले. एक दिवस जेवताना म्हणाली, "मी गाडी शिकणार." मी म्हटलं, "या वयात?" तर म्हणते, "गाडी वयाने चालवतात का? हाताने चालवतात. हात माझे चांगलेत." आमची मुलगी प्रज्ञा अंबरनाथला असते. ती रविवारी यायची आणि मोकळ्या प्लॉटवर आईला शिकवायची. दोनदा पडली. दोन्ही वेळा उठून आधी इकडेतिकडे बघितलं, मी बघतोय का ते. मी बघत होतो. मी हसलो. आता ते हसणंही नको होतं असं वाटतं.

शिकली, लायसन काढलं, तरी गाडीला हात लावीना. म्हणे आधी सगळं सामान घेईन, मग रस्त्यावर जाईन. बायका आधी गाडीला सीट कव्हर घेतात, हिने आधी हातमोजे घेतले. चामड्याचे, तळव्याला जाड थर असलेले. दुकानात पंधरा जोड्या घालून बघितल्या. मी वैतागलो तर म्हणाली, "अहो, माणूस पडताना हात टेकतं. माझा तळवा सोलला तर बाळाच्या अंगाला काय लावू, पॉलिश पेपर?" मग पावलावर घट्ट बसणारे बूट घेतले, चप्पल बंद. साडी बंद, पंजाबी ड्रेस. गुडघ्याला बांधायचे पॅड घेतले, ते सलवारीच्या आत बांधायची. खालच्या मजल्यावरची बाई चिडवायची, "मावशी, क्रिकेट खेळायला चालल्या का?" सुमन म्हणायची, "हो, तू ये ना, स्टंप म्हणून उभी करते तुला." असं सगळं ती स्वतः बघून, विचारून, हाताळून घेत होती. फक्त एका वस्तूत मी मध्ये पडलो.

हेल्मेट घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, वयाने माझ्याएवढा. सुमनचे केस लांब, अंबाडा मोठा. तो म्हणाला, "चाची, पहले बाल खोलो, नीचे चोटी बांधो. फिर साइज देखते हैं." ती लगेच अंबाड्यातले आकडे काढायला लागली. मला कसंतरी झालं. म्हटलं, "भर बाजारात केस सोडतेस? लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू दे, पांढरे केस फुकट बघायला मिळतायत." वेणी घातली आणि त्याने दिलेलं हेल्मेट चढवलं. घट्ट. गाल वर आले, डोळे बारीक झाले. आरशात बघून ती हसायला लागली, "अहो, दोन्ही गालात बटाटावडे कोंबल्यासारखं दिसतंय." दुकानदार हसला नाही. त्याने हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं आणि मला दाखवलं. "बराबर है. हेल्मेट के साथ चमडी हिलनी चाहिए. पंद्रह दिन में गादी बैठ जाती है."

इथे मी बोललो. एकतीस वर्षं कंपनीत पिवळं हेल्मेट घातलंय मी. त्याच्या आत पट्ट्यांची जाळी असते, जाळी डोक्यावर बसते आणि वर मोकळी जागा राहते. आमचा सेफ्टी ऑफिसर त्या जागेत बोटं घालून बघायचा, जागा नसली तर ओरडायचा. माझं शिक्षण सातवी, पण हेल्मेट मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. मी दुकानदाराला म्हटलं, "मला शिकवू नका. डोकं आणि हेल्मेटमध्ये जागा पाहिजे. हे काढा, मोठं दाखवा. अंबाडा आत बसला पाहिजे." तो म्हणाला, "चाचा, वो ऊपर से पाना गिरे उसके लिए है. ये आदमी गिरे उसके लिए है." किती सरळ सांगितलं होतं. मी म्हटलं, "घालणार कोण, तुम्ही की आम्ही?" घालणार सुमन होती. मी नव्हतो. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा अंबाडा बांधला आणि म्हणाली, "तुम्हाला माहीत असेल, तुम्ही एवढी वर्षं घातलंय." सुमन माझं काही ऐकायची नाही. भाजी कुठली आणायची ते सुद्धा नाही. हे ऐकलं. दोन नंबर मोठं हेल्मेट घेऊन आम्ही घरी आलो.

सव्वा वर्ष तिने गाडी चालवली. गाडी चांगली चालवायची, कोणाच्या मध्ये घुसायची नाही. पण हेल्मेटबद्दल एकदा म्हणाली, "मान वळवली की हे मागेच राहतं हो." मी म्हटलं, पट्टा आवळ. तिने पट्टा आवळला. मग एकदा बघितलं तर आत कपाळाच्या बाजूला बाळाचा लंगोट घडी करून लावलेला, हेल्मेट हलू नये म्हणून. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी म्हटलं, "काय चिंध्या भरल्यास?" आणि चहा प्यायला बसलो.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर एक भाजीवाली उभी होती. तिनेच सुमनला उचलून रिक्षात घातलं होतं, तिनेच मला फोन केला होता. तिच्या हातात हेल्मेट होतं. म्हणाली, "बाबा, हे डोक्यातून निघून लांब गेलं होतं." मी हातात घेतलं. फुटलेलं नव्हतं, साधा ओरखडा होता. पट्ट्याची क्लिप बंद होती. नीट, कट्ट करून बंद. पट्टा लावलेला, आवळलेला, आणि तरी हेल्मेट तिच्या डोक्यावरून निघून गेलं, पातेल्यावरचं झाकण जावं तसं. मी तिथे उभा राहून अंगठ्याने क्लिप दाबली आणि उघडली. का उघडली, ते कोणी विचारलं तर मला आजही धड सांगता येत नाही. सांगता येत नाही असं नाही... सांगायला लाज वाटते. थोड्या वेळाने प्रज्ञा आली. तिने माझ्या मांडीवरचं हेल्मेट बघितलं, लोंबणारे पट्टे बघितले. पोलीस म्हणाला, "पट्टा लावला नसणार, बायका लावत नाहीत." मी खाली बघत बसलो. मला आत नेलं तेव्हा नर्स सुमनच्या हातातले मोजे काढत होती. तळव्यांना एक ओरखडा नव्हता. गुडघेसुद्धा शाबूत. तिने निवडलं होतं ते सगळं जागेवर राहिलं होतं.

सुमन गेल्यानंतरच्या जलदान विधीला घर भरलं होतं. विठ्ठलवाडीची जुनी माणसं आली, जिच्या जिच्या बाळाला तिने न्हाऊ घातलं त्या पोरी आल्या. आणि जो तो तेच बोलत होता. सुमनताई एवढी हुशार बाई, आणि पट्टा लावला नाही. एक मिनिटाचं काम होतं. माझा मेव्हणा म्हणाला, "ताईला पहिल्यापासून घाई." प्रज्ञा सगळ्यांना पाणी देत होती, ती तिथेच बोलली, "जगाला शिकवत फिरायची. मला रोज फोन करून विचारायची, पट्टा लावतेस ना? आणि स्वतः...! मला तिचा इतका राग येतो ना, रडू पण येत नाही." माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मी भात वाढत राहिलो.

पाच आठवडे मी हे ऐकलं. प्रज्ञा दर रविवारी यायची, माझ्या डब्यांमध्ये भाजी भरून ठेवायची आणि आईबद्दल एक शब्द चांगला बोलायची नाही. तिचे कपडे वाटून टाकू म्हणाली. मोजे उचलले आणि म्हणाली, "हे मोजे घालायला वेळ होता!" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बस. पट्टा लावला होता तिने. मी उघडला." तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. दुकान, अंबाडा, दुकानदार काय म्हणाला ते, मी काय म्हणालो ते, लंगोटाची घडी, भाजीवाली, क्लिप. तिने कपाटावरून हेल्मेट काढलं, स्वतःच्या डोक्यावर घातलं, पट्टा लावला, कट्ट आवाज आला. मग मागून दोन्ही हातांनी वर ढकललं. निघालं. बंद पट्ट्यासकट, कपाळावरून पुढे हातात आलं.

तिने ते खाली ठेवलं. म्हणाली, "पप्पा, मी महिनाभर आईला शिव्या घालतेय. तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

मी म्हटलं, "हो."

"हेल्मेटची चूक कोणाचीही होईल. पण हे?"

ती आईचे मोजे पर्समध्ये घालून निघून गेली. पुढच्या रविवारी आली नाही. मी फोन केला तर एवढंच म्हणाली, "जलदानाला जेवढी माणसं होती तेवढ्यांना सांगा आधी." काही जणांच्या घरी जाऊन सांगितलं. मेव्हण्याने चहा अर्धा ठेवला आणि उठून गॅलरीत गेला. सगळ्यांच्या घरी जायला माझे पाय चालत नाहीत, म्हणून हे पेपरात लिहून पाठवतोय. ज्यांनी ज्यांनी सुमनला बेफिकीर म्हटलं असेल त्यांनी ते परत घ्यावं.

तिचा मोबाइल मी बंद केलेला नाही. अजून वाजतो. एकीने दुसरीला नंबर दिलेला असतो, दुसरीने तिसरीला. काल एक आवाज आला, नवीनच, दमलेला. "मालिशवाल्या मावशींचा नंबर ना? अकरा दिवसांचं बाळ आहे, येतील का?" मी म्हटलं, त्या गेल्या. "अरे देवा... कशाने?" असं कोणी विचारलं की आधी मी नुसतं म्हणायचो, गाडीवरून पडली. काल पूर्ण सांगितलं. "हेल्मेट मोठं होतं. ते मी घ्यायला लावलं. तिने पट्टा लावला होता." पलीकडे त्या पोरीच्या मागे बाळ रडत होतं, पोटात दुखल्यासारखं, पाय आखडून रडतात तसं. तिने हळूच विचारलं, "काका, मग मी आता काय करू?" मला काही येत नाही. प्रज्ञा तान्ही होती तेव्हा सुमनला करताना नुसतं बघितलंय. म्हटलं, "तेल आधी तुमच्या तळहातावर घ्या. हात गरम होईपर्यंत चोळा. तोवर बाळाला हात लावू नका."