सोडलेला डाव

मी सलग दहा महिने हरले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई लपवाछपवी करतेय असं कुणाला वाटायला नको. दर शुक्रवारी दुपारी चारला, बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला एका झेरॉक्सच्या दुकानात जायचं, तीन डाव खेळायचे आणि तिन्ही हरायचे, असा माझा नेम होता. आमच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारी असते. पॅकिंगमधल्या बाकीच्या बायका त्या दिवशी घर धुऊन काढतात. मी हरायला जायचे.

त्या टेबलाशी मी बसले तीही जागा भरायला. रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला गेले होते. दुकानाच्या आतल्या खोलीत एक लांब टेबल आणि त्याभोवती सातजण हातात पत्ते धरून बसलेले. मला वाटलं, जुगार. दुकानदार तिशीचा, आधी कुठल्याशा कंपनीत सुपरवायझर होता, आता वह्या, खेळणी आणि हे पत्ते विकतो. तो म्हणाला, "ताई, दहा मिनिटं आहेत का? एकजण आला नाही. जोडी पुरी होत नाहीये." मी म्हटलं, मला येत नाही. तो म्हणाला, "येण्यासारखं काही नाही, मी सांगतो." त्याने त्याची शिकाऊ गड्डी माझ्या हातात दिली आणि मी बसले. झेरॉक्स तशीच मशीनवर राहिली.

खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाकडे आपापली चाळीस पत्त्यांची गड्डी. पत्त्यांवर जनावरं, राक्षस, मंत्रतंत्र. दोघांनाही वीस वीस जीव. आपलं जनावर टेबलावर मांडायचं, त्याने समोरच्यावर हल्ला करायचा, समोरच्याचे जीव कमी करायचे. ज्याचे आधी संपले तो हरला. पत्त्यांवर बारीक इंग्रजी असतं, पण औषधाच्या खोक्यावर त्याहून बारीक असतं आणि ते मी रोज आठ तास वाचते. त्यामुळे त्याची धास्ती मला वाटली नाही.

धास्ती वाटायला हवी होती ती माझ्या सवयीची. पत्ते माझ्या हाडात आहेत. माहेरी, साताऱ्याकडे, आम्ही सुट्टीत अख्खी दुपार मेंढीकोट खेळायचो. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत लॉकररूममध्ये अजूनही खेळतो आणि माझी भिडू व्हायला बायका भांडतात. कुठला पत्ता पडला, कुठला कुणाकडे राहिला, हे मला न आठवता आठवतं. अशा बाईने पंचविशीतल्या मुलांपुढे दर आठवड्याला तीनदा आडवं व्हायचं, याचा मला किती राग यायचा ते मी सांगू शकत नाही. घरी आले की हे, म्हणजे माझे मिस्टर, पालघरच्या ऑफिसातून येऊन चहा घेत बसलेले असायचे. ते एकच शब्द विचारायचे, "किती?" मी म्हणायचे, "तीन." ते मान हलवायचे. त्यांना वाटायचं, चार महिन्यांत हे खूळ उतरेल.

मग एक दिवस चपला काढताना मला आतलं बोलणं ऐकू आलं. त्या दिवशीच्या जोड्या लागत होत्या. कंपनीत ऑपरेटर असलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "आंटी मिल गई मेरे को. चलो, एक तो पक्का." दुसरा हसला. वाईट मनाने नाही, अगदी सहज. तेच मला लागलं. जागा भरायला बसवलेली बाई दहा महिन्यांनंतरही जागाच भरत होती. मी आत गेले, बसले, त्या मुलाशी खेळून हरले आणि हसून हात मिळवला. पण त्या दिवशी रिक्षाने न जाता घरापर्यंत चालत गेले आणि ठरवलं, एक डाव जिंकायचा. स्पर्धा नको, बक्षीस नको. एक डाव, पण खरा.

आणि पुढच्याच शुक्रवारी जिंकले.

समोर किनाऱ्यावरच्या दांडी गावचा एक मुलगा होता. मुलगा म्हणजे सव्वीस-सत्तावीसचा, घरच्यांची बोट आहे, हा मात्र कंपनीत बॉयलरवर. आमच्या टेबलावरचा सगळ्यात चांगला खेळाडू. दर दोन महिन्यांनी तो पालघरला जाऊन तिथल्या मुलांना हरवून यायचा. शेवटी त्याचे तीन जीव राहिले होते, माझ्याकडे एक कोल्हा होता, बरोबर तीन जीव घेणारा. मी हल्ला केला. त्याने हातातले पत्ते पाहिले आणि म्हणाला, "नाय काकू, काय नाय हातात. जिंकलात तुमी." त्याने पत्ते मिटून गड्डीत सारले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदाराने मला बक्षिसाचं पाकीट दिलं, आत पाच नवे पत्ते. मी ते फोडलंसुद्धा नाही. घरी नेऊन देवघरात ठेवलं. यांनी "किती?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दोन." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

शनिवारी मी पॅकिंगच्या अख्ख्या लाइनला पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर सांगितलंसुद्धा. बायका हसल्या, पण दोन दोन घेतले.

रविवारी सकाळी शिफ्टच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी तो डाव मनात पुन्हा खेळत होते. उगाच, आनंद म्हणून. जिंकलेला डाव पहिल्यांदाच मिळाला होता, तो चघळत होते. त्याने हे टाकलं, मी ते टाकलं. त्याच्या गड्डीत "भिंत" नावाचे चार पत्ते असायचे. भिंत टाकली की समोरचा एक हल्ला अडतो. एक भिंत सुरुवातीला पडली. दुसरी माझ्या अस्वलावर पडली. मग त्याने एक असा पत्ता टाकला होता, ज्याने गड्डीतला हवा तो पत्ता शोधून काढता येतो, पण काढलेला पत्ता समोरच्याला दाखवावा लागतो. त्याने काढून मला दाखवला होता. तिसरी भिंत. ती त्याने हातात घेतली आणि ती पडली नाही.

मी तीनदा मोजलं. पडलीच नव्हती. कोल्ह्याने हल्ला केला तेव्हा ती त्याच्या हातात होती, आणि तो म्हणाला होता, काय नाय हातात.

माझे कान तापले. पेढे आठवले. देवघरातलं पाकीट आठवलं, ज्याला मी दोन दिवस हळदकुंकू लावत होते. रडू आलं नाही, पित्त खवळलं. त्या दिवशी मी दोन खोकी चुकीच्या बॅचमध्ये टाकली. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी मी अर्धा तास आधीच पोचले. तो आल्यावर पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "भिंत होती ना हातात?"

तो गोंधळला. मग खोटं बोलला नाही, एवढं मात्र मानते. "होती, काकू."

"मग?"

"तुमी दर शुक्रवारी येता. हरता. परत येता. मला बरं नाय वाटत." मग म्हणाला, "घरी आईलापण असंच करतो मी. कॅरममध्ये."

"मी तुझी आई नाही," मी म्हटलं. "मी पेढे वाटले, कळतंय का तुला? लाइनवर चौदा बायका आहेत."

दुकानदार मध्ये पडला. "जाऊ द्या ताई, खेळ तर आहे."

"खेळ आहे म्हणूनच," मी म्हटलं. "दया करायची तर माझ्यावर घरी करायला आहेत माणसं. इथे कशाला यायचं मी?" मग त्या मुलाकडे वळून सांगितलं, "यापुढे माझ्यासमोर बसशील तेव्हा जीव तोडून खेळायचं. नाहीतर बसायचं नाही." तो मान खाली घालून "हो" म्हणाला. त्या दिवशी त्याने मला अकरा मिनिटांत हरवलं. मला बरं वाटलं.

पण नुसत्या रागाने कुणी जिंकत नाही. दुकानदाराला मी सरळ विचारलं, मी का हरते? तो म्हणाला, "मी सांगून उपयोग नाही. हरल्यावर तुमच्या हातात काय राहतं, तेवढं बघा." मग मी बघायला लागले. दर शुक्रवारी तीनही डावांनंतर हातात उरलेले पत्ते रिक्षातच वहीत लिहायचे. पाच आठवडे झाल्यावर वही उघडली, आणि मलाच माझी लाज वाटली. प्रत्येक वेळी हातात गेंडा. माझ्या गड्डीतलं सगळ्यात दांडगं जनावर, एका हल्ल्यात सहा जीव घेणारं, आणि मी ते हातात धरून मरत होते.

कारण कळायला मला वेळ लागला नाही. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी. ती कुणी वेड्यासारखी पहिल्याच हाताला टाकत नाही. आपल्या भिडूचा हात होणार याची खात्री पटेपर्यंत छातीशी धरून ठेवायची, नाहीतर समोरचे ओढून नेतात. चाळीस वर्षं मी तेच केलं होतं. इथे भिडू नव्हता आणि खात्री कधीच पटत नव्हती. मी गेंडा राखायचे, म्हणून समोरच्याच्या भिंती खर्चच व्हायच्या नाहीत. गेंडा बाहेर येण्याआधीच तो मला संपवायचा.

हे कळणं आणि करणं यात फार अंतर आहे. पुढचे दोन महिने मी जेवणाच्या टेबलावर सराव केला. उजवा हात मी, डावा हात दांडीचा मुलगा. यांना बसवून पाहिलं, पण ते गेंड्याला बैल म्हणायचे आणि मधेच बातम्या लावायचे. गेंडा हाती आला की लगेच मांडायचा, एवढाच मी नियम केला. मी तो मांडायचे, भिंत पडायची, आणि मनात कुणीतरी म्हणायचं, बघ, घालवलास. शुक्रवारी तरीही हरत होते. पण आता हात रिकामा असताना हरत होते, आणि कुणी "एक तो पक्का" म्हणेना.

मग गेल्या महिन्यात पुन्हा त्याची माझी जोडी लागली. शेवटचा डाव होता. बाकीच्यांचे डाव संपले होते, पण कुणी उठलं नव्हतं.

पाचव्या खेपेला गेंडा आला आणि मी तो मांडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. गेंड्याने हल्ला केला, पहिली भिंत पडली. पुढच्या खेपेला पुन्हा हल्ला, दुसरी भिंत. मी जीव मोजत नव्हते, भिंती मोजत होते. तिसऱ्या वेळी त्याच्याकडे नव्हती, एका दमात सहा गेले. तो पाठ सरळ करून बसला. त्यानेही मला सोडलं नाही. त्याच्या दोन सापांनी मला चारवर आणलं. मधल्या खेपांत गेंड्याने आणखी दोनदा सहा सहा घेतले. मग तिसरी भिंत पडली. त्याचे दोन जीव उरले होते. सापांनी मलाही दोनवर आणलं, पुढच्या खेपेला मी मेले असते, हे टेबलावरच्या सगळ्यांना दिसत होतं. त्याच खेपेला त्याने शोधायचा पत्ता टाकला आणि चौथी भिंत काढून मला दाखवली. दाखवताना तो हसला. दया वगैरे काही नाही, चांगला खुनशी हसला.

माझी पाळी आली. टेबलावर गेंडा होता, आणि बाजूला मागच्या हल्ल्यानंतर मांडलेलं एक रानमांजर, दोन जीव घेणारं, ज्याच्याकडे आतापर्यंत कुणी लक्ष दिलं नव्हतं. भिंत एकच हल्ला अडवते. मी दोघांनाही एकाच वेळी पुढे सरकवलं.

तो पत्त्यांकडे बघत बसला. मग टेबलाकडे. मग पुन्हा पत्त्यांकडे. त्याने भिंत गेंड्यावर टाकली, उचलली, मांजरावर ठेवली, तीही उचलली. कुठेही टाकली तरी एकजण पोचतच होतं.

"हात दाखव," मी म्हटलं. असं कुणी मागत नाही, मला माहीत आहे. मी मागितलं.

त्याने हातातले पत्ते टेबलावर आपटले. ती एक भिंत आणि दोन बिनकामाचे. बस.

"सोडलास का?"

तो लालबुंद झाला. "काकू, येडं समजता का मला? एक खेप पायजे होती. एकच खेप. तुमी मेला होता." त्याने गड्डी गोळा करताना दोन पत्ते खाली पाडले आणि उचलताना डोकं टेबलाला आपटलं. दुकानदाराने दोघांसाठी चहा मागवला होता. मुलाने चहाकडे पाहिलंसुद्धा नाही. हेल्मेट उचललं, दारापर्यंत गेला आणि वळून बोट रोखून म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी तुमाला सोडत नाय मी."

गेला. बाइक सुरू केल्याचा आवाज आला, तोही रागावलेला.

एवढ्या मोठ्या मुलाने असं फुरंगटून जाणं बरं नव्हे, असं दुकानदार म्हणाला. मी तिथे बसून माझा चहा प्यायले आणि मग त्याचाही प्यायले.