वाघाच्या पंजांमधून आत

बोईसरच्या एसटी स्थानकात उतरलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं, पण हवेत एक उग्र, गोडसर वास होता. तो तारापूरच्या कारखान्यांचा. रात्रभर बसून पाय जड झाले होते. स्थानकाबाहेर रिक्षांच्या रांगेमागे एक मोठा फलक होता आणि त्यावर वाघाचं तोंड रंगवलेलं होतं. खाली लिहिलं होतं, सहकुटुंब या. मी तो फलक वाचत उभा असतानाच मागून संतोषची हाक आली, "भावजी, इकडं."

संतोष हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या मागे माझी मुलगी सई उभी होती. तिने वाकून मला नमस्कार केला. परक्या पाहुण्याला करतात तसा. मग पुन्हा मामाच्या मागे जाऊन उभी राहिली.

तिची आई, शेवंती, गेल्या भाद्रपदात गेली. तेरा दिवस झाल्यावर संतोष सईला थोडे दिवस म्हणून इकडे घेऊन आला. थोड्या दिवसांचे महिने झाले आणि तिसरीचं वर्षही तिने इथल्याच शाळेत पुरं केलं. आता मे संपत आला होता. जूनमध्ये ती चौथीला कुठे बसणार, कराडला माझ्याकडे की इथे, हे ठरायचं होतं. ते तिलाच विचारायला मी आलो होतो. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं, त्यामुळे त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं.

संतोषचं घर कुंभवलीत आहे. त्याचं आणि शेवंतीचं मूळ गाव मनोरच्या पुढे डोंगरात. पावसावरची थोडी भातशेती, बाकी रान. तिथून तो कारखान्यात नोकरीला लागला आणि इथलाच झाला. घर दोन खोल्यांचं, पण दारात मोगरा आणि मागे शेवग्याचं झाड. त्याची बायको वनिता हिने माझ्यासमोर चहा ठेवला, आणि सई आता आपल्यासारखी भाकरी थापायला शिकली आहे, असं सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा घाईचा होता. त्यांचा चार वर्षांचा साहिल सईच्या कमरेला मिठी मारून मला न्याहाळत होता.

दुपारी संतोष म्हणाला की उद्या त्याला सुट्टी आहे, तर सगळे मिळून त्या फलकावरच्या प्राण्यांच्या बागेत जाऊ. घरात वर्ष पुरं झालेलं नाही; मी अजून कुणाच्या लग्नाला गेलो नाही, की दिवाळीत आकाशकंदील लावला नाही. संतोषला ते कळलं असावं.

"जत्रेला जायचं नाय, ते खरं," तो म्हणाला. "पण वाघोबाला भेटायला जायला कोण अडवतो?" आणि सई पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाला, "तितंच विचारा तिला. घरात विचाराल तर ती वनिताच्या तोंडाकडं बघत बसेल."

सकाळी शेजारच्यांची रिक्षा ठरवून निघालो. सालवड गाव मागे पडेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाळी, पत्र्याची दुकानं, कामाला निघालेल्या माणसांचं हिंदी. मग एकदम सगळं मोकळं झालं. भाताची खाचरं कोरडी पडून भेगाळली होती. बांधांवर ताडाची उंच झाडं एकेकटी उभी होती आणि पूर्वेला निळसर डोंगर. शेवंती या डोंगरांबद्दल फार बोलायची नाही. कधीतरी चंद्र बघून एवढंच म्हणायची की आमच्याकडे तो डोंगराच्या खांद्यावर बसतो.

वळण संपलं आणि समोर वाघ आला.

मी बाग म्हणून कमान, तिकीटघर, रंगीत पताका असं काही मनात धरलं होतं. तिथे एका टेकडीला टेकून वाघ बसला होता. दुमजली घराएवढा. पुढचे दोन पंजे रस्त्यावर पसरलेले आणि त्यांच्या मधूनच आत जायची वाट. फायबरचा आहे हे कळत होतं. उन्हाने एका कानाचा रंग उडाला होता. तरीही त्या पिवळ्या डोळ्यांखाली रिक्षा थांबली तेव्हा साहिलने तोंडात घातलेलं बोट तसंच राहिलं.

जवळ गेल्यावर दिसलं की वाघाच्या उजव्या पंजाला शेंदूर फासलेला आहे. नखांपाशी भाताचे दाणे, सुकलेली झेंडूची फुलं, नारळाची करवंटी. या डोंगरातल्या लोकांचा देव वाघोबा (रानात, वेशीवर लाकडाच्या किंवा दगडाच्या रूपात असलेला वाघ, गुराढोरांना आणि माणसांना सांभाळणारा). बाग सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गावोगावच्या बाया इथे शेंदूर घेऊन आल्या म्हणे. दारावरचा रखवालदार बिहारचा होता. मी विचारल्यावर तो हसत सांगू लागला की आधी मालकांनी शेंदूर घासून काढायला लावला, मग फलक लावला, मग दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी दोरीलाही हळदकुंकू.

"अब साहब लोग खुद नारियल भेजते हैं," तो म्हणाला. "और मैं? मैं तो रोज़ ड्यूटी से पहले हाथ जोड़ता हूँ. इतना बड़ा है, क्या भरोसा."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, हे वनिताच्या बघण्यावरून माझ्या लक्षात आलं.

तेवढ्यात सई माझ्याजवळ आली. "बाबा, चपला काढा," ती म्हणाली. मी काढल्या. डांबर तापलं होतं. तिने माझं मनगट धरून मला पंजापुढे उभं केलं, आणि वर, त्या प्रचंड जबड्याकडे बघून, शेजारच्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "हा माझा बाबा. कराडचा. शेवंतीचा नवरा हाय. आमी आत जातो, लक्ष ठेव."

नवा माणूस आला की वाघोबाला त्याची ओळख करून द्यायची, अशी त्यांच्या घरची रीत आहे, हे संतोषने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला काहीच कळत नव्हतं. आमच्या घरात नऊ महिन्यांत ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. मी 'ती' म्हणायचो, शेजारचे 'वहिनी' म्हणायचे. आणि या पोरीने ते एवढ्या उघड्यावर, एवढ्या सहज घेतलं. जणू शेवंती मागच्या रिक्षातून येतेच आहे. मी मान वर करून वाघाकडे बघत राहिलो. डोळे भरले तर उन्हामुळे म्हणता आलं असतं.

आत मात्र पहिली फजिती झाली. बाहेरचं खाणं न्यायला बंदी. वनिताने पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची (सुकवलेल्या अगदी बारीक कोळंबीची) चटणी केली होती. संतोष वाद घालू लागला, तो वनितानेच मिटवला. आम्ही परत फिरून पंजाच्या सावलीत पथारी टाकली आणि सकाळीच जेवून घेतलं. येणारे-जाणारे वास घेत पुढे जात होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. इतकी चवीची चटणी कराडला करून बघावी असं मनात आलं आणि तिथेच थांबलं, कारण जिला ती करता यायची ती शेवंती आमच्याच घरात होती, पण घाटावरच्या सासरी ही चटणी खपणार नाही म्हणून तिने कधी केलीच नव्हती.

आत एकही जिवंत प्राणी नाही, सगळे यंत्रावर हलणारे. तरी पहिल्या वळणावरच हत्तींचा कळप दिसला आणि साहिल किंचाळला. हत्ती कान हलवत होते, सोंडेतून पाण्याचा फवारा उडवत होते. जिराफाच्या मानेतून वर जायचा जिना होता. त्याच्या डोक्यात उभं राहिलं की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला, धुरकट उन्हात, तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या. त्यांच्याही पलीकडे चमकणारी एक बारीक रेघ. संतोष म्हणाला तो समुद्र. पुढे तळ्यात देवमासा होता. त्याच्या उघड्या तोंडातून आत शिरायचं. आत निळा उजेड, माथ्यावर फासळ्यांच्या कमानी, आणि कुठूनतरी संथ ठोके ऐकू येत होते, त्याच्या काळजाचे. लोक आपोआप हळू बोलत होते, देवळात बोलतात तसे.

आमच्यापुढे किनाऱ्यावरच्या कोळी बायांचा एक घोळका होता, हातभर बांगड्या, केसांत अबोली. त्यांतल्या थोरलीने फासळीवर टिचकी मारून पाहिली.

"काय गो, येवढा मासा नि वास कसा नाय?"

दुसरी म्हणाली, "आणि सुकवायचा कुठं? आपला आख्खा किनारा पुरायचा नाय."

सगळ्यांत आधी सई हसली. पाठोपाठ त्या काळजाच्या ठोक्यांवर आम्ही सगळेच. थोरलीने सईच्या गालाला हात लावून विचारलं, कुणाची गो तू? सईने माझ्याकडे बोट दाखवलं. तेवढं बोट दाखवणंही मला त्या दिवशी पुष्कळ वाटलं.

शेवटचं दालन म्हणजे रात्रीचं रान. बाहेर भर दुपार आणि आत अंधार. छतावर चांदण्या, झाडांमागे डोळे. अस्वल मागच्या पायांवर उठून आरोळी देत होतं, बिबळ्या फांदीवरून मान खाली घालत होता. वनिता आणि संतोष पुढे गेले. सई, साहिल आणि मी एका हत्तीपाशी उभे होतो. त्याने सोंड उचलली, चीत्कार सुरू केला आणि लाइट गेली.

मे महिन्यात बोईसरकडे लाइट जाणं यात नवल काही नाही. पण त्या जागी ते विलक्षण होतं. सगळे आवाज एका क्षणात तुटले. चांदण्या विझल्या. अर्ध्या चीत्कारात सोंड वर धरलेला हत्ती अंधारात तसाच उरला. मुलं रडू लागली. मला साहिल दिसेना, आणि मग सईचा आवाज आला, खालून, ती खाली बसली असावी.

"रडू नको. दमलेत ते. सकाळपासून ओरडतात. हात लाव बघ, गार हाय."

आणखी कुणाची तरी दोन मुलं सरकत तिच्याकडे आली असावीत. त्यांनाही ती तेच सांगू लागली. तो आवाज, तो शब्दांमधला थांबा, मला ओळखीचा होता. आमची सई लहानपणी तापाने फणफणली की तिच्या उशाशी बसून असंच कोणी बोलायचं. मी अंधारात हात लांब करून हत्तीचा गार पाय धरला आणि उभा राहिलो.

मुलं शांत झाल्यावर मी विचारलं. दुसरी चांगली वेळ मला सापडली नसती.

"सई, जूनमध्ये घरी येशील का?"

एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, हे दोघांच्याही सोयीचं होतं.

"बाबा, इथं आई कधी नव्हतीच," ती म्हणाली. "लगीन होऊन गेलीवती ना ती. म्हणून इथं ती गेली असं वाटत नाय. तिकडं सगळीकडं ती नाय."

जनरेटर धडधडला. चांदण्या लागल्या आणि हत्तीने उरलेला चीत्कार पुरा केला. एवढ्या मोठ्याने की सगळं दालन आधी दचकलं आणि मग हसू लागलं. वनिता धावत परत आली. तिने साहिलला उचललं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

परतीच्या वाटेवर साहिल वनिताच्या मांडीवर झोपला. संतोष पुढे ड्रायव्हरशेजारी. सई मध्ये, माझ्याजवळ. ताडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. सालवडच्या अलीकडे तिने विचारलं, "तुमाला तिकडं रोज तसंच दिसतं?"

"हो," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मग मी येते."

हेच ऐकायला मी कराडहून आलो होतो. साहिलच्या कपाळावरून फिरणारा वनिताचा हात थांबला. मी सईकडे पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी, गुडघ्यांवर हात ठेवून, कामावर निघालेल्या माणसासारखी सरळ बसली होती. त्या दिवशी मी घराएवढा वाघ पाहिला होता, ठोके देणारा देवमासा पाहिला होता. त्यांच्यापुढे वाटला होता त्याहून मोठा धाक मला तिच्यापुढे वाटला. ती माझ्यासाठी यायला निघाली होती.

"आत्ता नको," मी म्हणालो. "चौथी इथंच कर. मी येत जाईन. तुला आपणहून यावंसं वाटेल तेव्हा ये."

"राग नाय ना?"

"नाही."

पुढे संतोषने खाकरून घसा साफ केला. मागे वळून न बघता त्याने ड्रायव्हरला रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली. इथे बर्फाचा गोळा चांगला मिळतो म्हणाला. वनिताने पदराने तोंड पुसलं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून कालाखट्टा खाल्ला. सईची जीभ जांभळी झाली. ती मला दाखवून तिने माझी बघितली.

दुसऱ्या दिवशी संतोषबरोबर शाळेत जाऊन तिचं नाव चौथीत कायम केलं आणि संध्याकाळच्या गाडीने निघालो. स्थानकात तिने नमस्कार केला नाही. गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभी होती.

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. कराडचं घर मी होतं तसंच ठेवलं होतं, कुठलीही वस्तू न हलवता, आणि त्यामुळेच ते सई म्हणाली तसं झालं आहे हे मला आता दिसतं. मागच्या आठवड्यात सगळ्या खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघर रंगवायला माणूस बोलावला. त्याने रंग कुठला विचारलं तेव्हा मला सांगता येईना, म्हणून सईला फोन लावला.

तिने भिंतीवर ऊन कधी येतं ते विचारलं. ओट्यामागे काय आहे ते विचारलं. मग म्हणाली, "आत्ताच नका लावू देऊ. मी येऊन बघते नि मग सांगते."

रंगाऱ्याला मी चहा दिला आणि परत पाठवलं.